नांदण्याचा हुकूमनामा

प्रेम म्हणजे काय, या प्रश्नाची उत्तरे कवींनी दिली, संतांनी दिली आणि तत्त्वचिंतकांनीही दिली. ती एकमेकांशी जुळत नाहीत. पण उत्तर चुकले म्हणून त्यांपैकी कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. सन १८८५ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या वेषात मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे येऊन उभा राहिला आणि तेथे मात्र तुरुंगाचे दार उघडे होते. वादी होते दादाजी भिकाजी. प्रतिवादी होत्या त्यांच्या पत्नी रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी आता वीस वर्षांची झाली होती आणि पतीच्या घरी एक दिवसही राहिलेली नव्हती. न्यायालयाने तिला आपल्या घरी नांदायला पाठवावे, एवढीच दादाजींची मागणी होती. मी जाणार नाही, एवढेच रखमाबाईंचे उत्तर होते.

‘नांदणे’ हा शब्द मराठीच्या खास घरगुती शब्दांपैकी एक आहे. मुलगी सासरी नुसती राहत नाही, ती नांदते. हा शब्द संस्कृतातील ‘नन्द्’ या धातूपासून आलेला आहे आणि त्या धातूचा अर्थ आनंदित होणे असा आहे. घरात लक्ष्मी नांदते, गावात शांतता नांदते, असे म्हणताना हा मूळचा आनंद आजही शब्दातून डोकावतो. एखाद्या व्यक्तीने अमुक घरात राहावे, असा हुकूम न्यायालयाला काढता येईल. परंतु तिने तेथे नांदावे, असा हुकूम काढता येईल काय? रखमाबाईंच्या खटल्याचे सारे मर्म या एका प्रश्नात सामावलेले आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अडीच वर्षांच्या असताना त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग वारले. त्या वेळी त्यांची आई जयंतीबाई अवघी सतरा वर्षांची होती. त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. त्यामुळे पुढे सहा वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी झाला; तेही विधुर होते. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. सखाराम अर्जुन हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. सन १८८३ मध्ये मुंबईत जी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्ये जे दोघे हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी हे एक. झाडापानांचे बारकाईने निरीक्षण करणारा हा माणूस पत्नीच्या पहिल्या घरच्या मुलीचा खरा पिता झाला.

त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न लागले. वर दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले, एकोणीस-वीस वर्षांचे, गरीब घरचे. त्यांनी सासऱ्यांच्या आश्रयाने राहावे, शिकावे आणि संसाराला लायक व्हावे, अशी योजना होती. योजना वाईट नव्हती. फक्त ती दोन माणसांच्या स्वभावांना न विचारता आखलेली होती. दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही. त्यांची प्रकृतीही ढासळली. पुढे ते आपल्या मामांच्या घरी राहू लागले. इकडे रखमाबाई घरीच राहून मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचीत होत्या. मुलगी वयात येताच गर्भाधानविधी उरकावा, अशी त्या काळी रूढी होती. सखाराम अर्जुन यांनी वैद्य या नात्याने तिला विरोध केला. इतक्या लहान वयात संसाराचा भार मुलीच्या शरीरावर पडू नये, हे ते जाणत होते. अशा रीतीने वर्षांमागून वर्षे गेली. एकाच लग्नाने बांधलेली दोन माणसे दोन निराळ्या दिशांना वाढत राहिली.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवून पत्नीला आपल्या घरी पाठवण्याची मागणी केली आणि नंतर उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिलेल्या कायदेपंडितांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. बचावाचे मुद्दे व्यवहारी होते. पतीची प्रकृती ठीक नाही, पत्नीला राहण्याजोगे घर व पोटगी देण्याची त्याची ऐपत नाही, आणि लग्न झाले तेव्हा वधू संमती देण्याच्या वयाची नव्हती. यांपैकी शेवटचा मुद्दा त्या काळी अपूर्व होता. संमती नव्हती म्हणून विवाहच मान्य नाही, असे म्हणणे म्हणजे त्या वेळच्या जवळजवळ प्रत्येक हिंदू विवाहाच्या पायाला हात घालण्यासारखे होते.

एप्रिल १८८५ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, सखाराम अर्जुन वारले. मुलीच्या डोक्यावरचे छत्र नाहीसे झाले. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. एका पत्राचा विषय बालविवाह हा होता, दुसऱ्याचा सक्तीचे वैधव्य. लग्नामुळे शिक्षणाला मुकलेल्या आणि स्वतःचा काही दोष नसताना कोंडून पडलेल्या स्त्रीचे दुःख त्यांत होते. त्यांत विलाप थोडा आणि विचार फार होता. ही पत्रे रखमाबाईंची होती, हे पुढे सर्वांना कळले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. दावा ज्या नावाने लावलेला होता, त्या नावाकडेच त्यांनी बोट दाखवले. या प्रकारच्या दाव्याला इंग्रजी कायद्यात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणत. जे एकदा स्थापन झाले आणि मग मोडले, त्याचीच पुनःस्थापना होऊ शकते. हे दांपत्य तर कधी एकत्र राहिलेलेच नव्हते. मग पुन्हा स्थापन करायचे ते काय? यापुढे जाऊन न्यायमूर्तींनी असेही म्हटले, की एखाद्या तरुणीला ती ज्याचा तिटकारा करते त्या पुरुषाच्या हवाली तिच्या इच्छेविरुद्ध करणे, हे क्रौर्याचे कृत्य होईल. त्यांनी दावा फेटाळला.

या निकालाने हिंदुस्थानभर वादळ उठले. बेहरामजी मलबारी यांनी आदल्याच वर्षी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली होती आणि सुधारक मंडळी आधीच जागी झाली होती. त्यांना हा निकाल पहाटेसारखा वाटला. उलट लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने त्यावर कडाडून टीका केली. या टीकेला केवळ सनातनीपणा म्हणून बाजूला सारणे न्यायाचे होणार नाही. परकी सत्ता देशाच्या तिजोरीवर बसलीच होती. आता ती आमच्या घराच्या उंबरठ्याच्या आत येणार काय, ही शंका त्या टीकेच्या मुळाशी होती. गुलाम झालेल्या समाजाला आपले घर हाच अखेरचा किल्ला वाटतो. त्या किल्ल्याच्या आत कोणी कोंडलेले आहे काय, हे पाहण्याची फुरसत मात्र वेढ्यात सापडलेल्यांना सहसा मिळत नाही.

आणि या वादात एक विलक्षण विसंगती होती. दादाजींनी जे शस्त्र उचलले होते, ते स्वतःच परदेशी होते. पतिपत्नींचे धर्म आपल्या स्मृतिकारांनी सविस्तर सांगितले आहेत. परंतु पत्नीला पकडून आणून देण्याचा दावा राजदरबारी लावावा, अशी परंपरा आपल्याकडे नव्हती. हा दावा मूळचा इंग्लंडमधील धर्मपीठांच्या न्यायालयांचा. सन १८६७ मध्ये एका मुस्लिम दांपत्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हिंदुस्थानातील न्यायालयांसाठी त्याला मान्यता दिली. म्हणजे ज्यांनी धर्मरक्षणासाठी दादाजींची बाजू घेतली, ते नकळत इंग्रजांच्या धर्मपीठाची तलवार परजीत होते. इतकेच नव्हे, तर इंग्लंडने ती तलवार तोवर बोथट करून टाकली होती. अशा हुकूमनाम्याची अवज्ञा करणाऱ्याला कैद करण्याची तरतूद तेथील पार्लमेंटने सन १८८४ मध्येच रद्द केली. हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्यात मात्र ती शिल्लक होती. लंडनच्या स्त्रीला जी शिक्षा होऊ शकत नव्हती, ती मुंबईच्या स्त्रीला होऊ शकत होती.

सन १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा सुनावणीसाठी पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे; न गेल्यास सहा महिन्यांपर्यंतची कैद भोगावी लागेल. रखमाबाईंनी उत्तर दिले, की या हुकुमापुढे मान तुकविण्यापेक्षा कायद्यातील कमाल शिक्षा आपण भोगू.

या उत्तराचे मोल समजण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. बावीस वर्षांची मुलगी, बाप नाही, वर्तमानपत्रांत रोज नाव, आणि पुढे तुरुंग. तिच्या साहाय्यासाठी एक समिती स्थापन झाली. मलबारी, न्यायमूर्ती रानडे, तेलंग, प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ अशी मंडळी त्या कामात होती. तरीही तुरुंगात जायचे ते तिलाच. दुसरीकडे दादाजींचाही विचार केला पाहिजे. त्यांनीही आपली बाजू एक पुस्तिका छापून मांडली. पत्नीच्या मालमत्तेसाठी तिच्या घरची मंडळी तिला अडवून धरीत आहेत, असा त्यांचा आरोप होता. ते खलपुरुष होते असे मानण्याचे कारण नाही. एका तरुणाला समाजाने सांगितले होते, की विधी झाला, अक्षता पडल्या, आता ही तुझी. तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवला. जे आपल्याला मिळालेच आहे असे वाटते, ते मिळवण्याचा यत्न माणूस करीत नाही. बालविवाहाने रखमाबाईंचा होकार हिरावून घेतला, हे सर्वांना दिसते. त्याने दादाजींचाही एक हक्क हिरावून घेतला होता: आपल्या गुणांनी कोणाचे मन जिंकण्याचा.

पुढे काय झाले, याविषयी एक आख्यायिका अजूनही सांगितली जाते, की राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून हा विवाह रद्द केला. वस्तुस्थिती याहून साधी आहे. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. ज्या नात्याला समाजाने पवित्र म्हटले, धर्माने अभंग म्हटले आणि न्यायालयाने सक्तीचे ठरवले, त्याचा शेवट एका रकमेच्या पावतीने झाला. यात उपहास करण्यासारखे काही नाही. ज्या बंधनात प्रेम नाही, त्याची किंमत अखेर आकड्यांत लिहिता येते, एवढाच याचा अर्थ.

रखमाबाई सन १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉक्टर एडिथ पीची यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, सन १८९४ मध्ये त्या पदवीधर डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्या. प्रथम सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली. ज्यांच्या घरात पुरुष वैद्याला प्रवेश नव्हता, अशा किती बाया त्यांच्या हाताखाली सुखरूप बाळंत झाल्या असतील! एका घरी नांदायचे नाकारणाऱ्या या स्त्रीने इतरांची घरे मात्र नांदती ठेवली. प्रेम नाकारल्याचा आरोप जिच्यावर झाला, तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या वेदनेजवळ बसण्याचे काम पत्करले. सखाराम अर्जुन यांनी एका परक्या मुलीला जे दिले होते, त्याचीच ही परतफेड होती असे म्हणता येईल.

सन १९०४ मध्ये दादाजी वारले. त्या वेळी रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे परिधान केली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अनेकांना हे कोडे वाटते. ज्या विवाहाविरुद्ध तुरुंगाची तयारी ठेवली, त्या विवाहाचे वैधव्य का स्वीकारावे? त्यांच्या मनात काय होते, याचा निवाडा कोणी करू नये. रूढीचा भार असेल, मृताविषयीची करुणा असेल, किंवा या दोहोंपलीकडचे काही असेल. एक गोष्ट मात्र ध्यानात येते. १८८७ साली जे करावे असा हुकूम होता, ते त्यांनी केले नाही. १९०४ साली जे करण्याचा कोणताही हुकूम नव्हता, ते त्यांनी केले.

खटल्याचे पडसाद कायद्यात उमटत राहिले. सन १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ती मर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली. सन १९२३ मध्ये दिवाणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि नांदायला न जाणाऱ्या पक्षाला तुरुंगात टाकण्याची तरतूद एकदाची गेली. सन १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा मंजूर झाला. त्याने घटस्फोटाचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, डॉक्टर रखमाबाई मुंबईत निवर्तल्या. पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा जसाच्या तसा राहिला. इंग्लंडने तो सन १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने १९८३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. विवाह सहज मोडू नये, तडजोडीला अवसर मिळावा, हा त्यामागचा हेतू होता. २०१९ साली या कलमाला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान देण्यात आले.

हेतू चांगला असेल. पण या कलमाची पुढची वाट पाहण्यासारखी आहे. हुकूमनामा मिळूनही दांपत्य एकत्र आले नाही, तर ठरावीक मुदतीनंतर तेच घटस्फोटाचे कारण होऊ शकते. ही मुदत प्रथम दोन वर्षांची होती, १९७६ च्या दुरुस्तीने ती एक वर्षाची झाली. म्हणजे जो हुकूमनामा माणसांना जोडण्यासाठी आहे, तोच त्यांना वेगळे होण्याच्या दारापर्यंत नेऊन सोडू शकतो. कायदा आपल्या परीने जणू कबूल करतो, की येथून पुढे माझे चालत नाही.

याचा अर्थ विवाहात कायद्याला काम नाही, असा नव्हे. पोटगी कोणी द्यावी, मुले कोणी सांभाळावीत, घर कोणाचे, लग्नाचे वय काय, हे ठरवणे कायद्याचेच काम आहे आणि ते त्याने कठोरपणे केले पाहिजे. हक्क, अन्न, वस्त्र, निवारा या गोष्टी मागून, प्रसंगी भांडूनही, मिळवता येतात. प्रेमाची जात निराळी आहे. ते मागितल्याने मिळेलच असे नाही आणि वसूल तर कधीच करता येत नाही. विवाहविधीतील सप्तपदीचे सातवे पाऊल मैत्रीसाठी टाकायचे असते, हे आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वकच ठरवले असले पाहिजे. मैत्रीवर कोणी दावा लावल्याचे आजवर ऐकिवात नाही.

रखमाबाईंनी प्रेमाची व्याख्या केली नाही. त्यांनी फक्त एकदा ‘नाही’ म्हटले आणि त्या शब्दाची किंमत मोजण्याची तयारी ठेवली. परंतु त्या नकारातच प्रेमाच्या अर्थाचा निम्मा भाग येऊन जातो. ज्या घरात ‘नाही’ म्हणता येत नाही, तेथील ‘हो’ला काही मोल नसते. जेथे नकार देण्याची मोकळीक आहे, तेथे दिलेला होकार हेच माणसाने माणसाला द्यावयाचे सर्वांत मोठे दान. ते मिळाले, की मग घरात माणसे नुसती राहत नाहीत. ती नांदू लागतात.